पहिला पत्ता कोण देतं? पीअर-टू-पीअर नेटवर्कला जोडलं जाणं, पायरी पायरीने

मधे सर्व्हर नाही, मालक नाही, सगळ्यांची यादी सांभाळणारं ऑफिस नाही, आणि तरी माझं मशीन जगात कुठेतरी चालू असलेल्या एका अनोळखी मशीनला बरोबर शोधून काढतं आणि त्याच्याकडून फाइलचा तुकडा घेऊन येतं. हे होतं कसं, हा प्रश्न नवीन माणसाला पडतोच. उत्तर मात्र बहुतेक वेळा 'सॉफ्टवेअर टाका, लिंकवर क्लिक करा, झालं' एवढंच मिळतं. चालतंय तोवर त्यात काही अडत नाही, पण ज्या दिवशी डाउनलोड शून्य टक्क्यावर चिकटून बसतं त्या दिवशी बघायचं कुठे तेच कळत नाही.

म्हणून आधीच सांगतो. विकेंद्रित म्हणजे कुणालाच विचारावं लागत नाही असा बऱ्याच जणांचा समज असतो, खरं तर उलट आहे, इथे सगळं विचारण्यावरच चालतं, ओळखीने ओळख निघते. तीन गोष्टी लक्षात ठेवा: पहिला पत्ता कुठून मिळाला, पुढचे पत्ते कोणी दिले, आणि दुसऱ्याला तुमच्या दारापर्यंत येता येतं का. जवळपास प्रत्येक अडचण या तीनपैकी एका ठिकाणी सापडते.

थोडं मागे जाऊ, कारण आजची रचना अशी का आहे ते जुन्या चुकांमधून पटकन समजतं. १९९९ मध्ये नॅप्स्टर आलं. गाणी लोकांच्याच कॉम्प्युटरवर असायची आणि थेट एकाकडून दुसऱ्याकडे जायची, पण कोणाकडे काय आहे याची यादी मात्र कंपनीच्या सर्व्हरवर. कोर्टाचा आदेश आला, २००१ च्या जुलैमध्ये ते सर्व्हर बंद झाले आणि लाखो लोकांकडे फाइली असूनसुद्धा कोणी कोणाला शोधू शकेना. मार्च २००० मध्ये नलसॉफ्टच्या जस्टिन फ्रँकेल आणि टॉम पेपर यांनी ग्नुटेला बाहेर काढलं, मालक कंपनी एओएलने ते लगेच बंद करायला लावलं पण तोवर लोकांनी उतरवून घेतलं होतं. त्यात मधली यादीच नव्हती. तुम्ही शेजाऱ्याला विचारायचं, शेजारी त्याच्या शेजाऱ्यांना विचारणार, ते पुढच्यांना, असं साधारण ७ टप्प्यांपर्यंत. प्रत्येकाला ४ शेजारी धरले तर एक प्रश्न ४ जणांकडे जातो, मग त्यांच्या प्रत्येकी ३ वेगळ्या शेजाऱ्यांकडे, आणि ७ टप्पे संपेपर्यंत ४,३७२ मशीनपर्यंत पोचतो. एका माणसाच्या एका शोधासाठी एवढा गलबला, आणि असे हजारो जण एकाच वेळी शोधतायत. नेटवर्क स्वतःच्याच चौकशांनी गुदमरायला लागलं, म्हणून नंतर ताकदवान मशीनना 'अल्ट्रापीअर' करून चौकशीचं ओझं त्यांच्यावर टाकावं लागलं.

म्हणजे एका टोकाला एकच यादी, ती गेली की सगळं गेलं, आणि दुसऱ्या टोकाला यादीच नाही तर गावभर दवंडी. आजची नेटवर्कं या दोन्हींच्या मधली वाट शोधत आली आहेत. खाली मी बिटटोरंट धरून सांगतो, २००१ मध्ये ब्रॅम कोहेनने आणलेलं हे, कारण शिकायला ते सगळ्यात सोपं आणि आजही जोरात चालू आहे.

पायरी १: क्लायंट घ्या, आणि सरावाला साधी स्वच्छ फाइल घ्या

क्लायंट म्हणजे टोरंट चालवणारा प्रोग्राम. क्यूबिटटोरंट, ट्रान्समिशन किंवा डेल्यूज यातला कुठलाही घ्या. तिन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, जाहिराती नाहीत. मी क्यूबिटटोरंट सुचवतो, कारण कोण कुठून जोडलं गेलं ते त्यात उघड दिसतं आणि शिकणाऱ्याला तेच हवं असतं. उतरवायचं मात्र त्यांच्या अधिकृत साइटवरूनच, शोधून भलत्याच पानावरून नाही.

सरावासाठी डेबियन किंवा उबुंटू लिनक्सची आयएसओ फाइल घ्या, दोघेही आपापल्या साइटवर टोरंट स्वतःच देतात. लिब्रेऑफिसही देतं, इंटरनेट आर्काइव्हवर तर असंख्य गोष्टींना टोरंट असतं. या स्वॉर्ममध्ये, म्हणजे ती फाइल घेणाऱ्या-देणाऱ्यांच्या घोळक्यात, माणसं भरपूर असतात त्यामुळे काही अडलं तर दोष तुमच्या सेटिंगमध्ये किंवा नेटवर्कमध्ये आहे हे समजतं. आणि हेही आत्ताच सांगून टाकतो, कॉपीराइट असलेली गोष्ट परवानगीशिवाय वाटणं बहुतेक देशांत बेकायदा आहे, आणि टोरंटमध्ये घेता घेता तुम्ही वाटतही असता. तेव्हा जे वाटायची मोकळीक आहे तेच घ्या.

पायरी २: टोरंट फाइल आणि मॅग्नेट लिंक यातला फरक समजून घ्या

टोरंट फाइलमध्ये मूळ फाइल नसते. असतं ते तिचं टिपण: नाव काय, आकार किती, किती तुकडे केले, प्रत्येक तुकड्याचा हॅश (म्हणजे त्यातल्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, मजकूर जरा बदलला तरी तो बदलतो) काय, आणि बहुतेकदा एखाद-दोन ट्रॅकरचे, म्हणजे माणसांची गाठ घालून देणाऱ्या सर्व्हरचे, पत्ते. या टिपणाच्या मुख्य भागाचा पुन्हा एक हॅश काढतात, त्याला इन्फो-हॅश म्हणतात. १६० बिट, लिहिला तर ४० अक्षरं. (नवीन दुसऱ्या आवृत्तीत एसएचए-२५६ वापरतात, तो ६४ अक्षरांचा होतो.) पूर्ण नेटवर्कमध्ये त्या फाइलची ओळख म्हणजे हीच अक्षरं. नाव काहीही असू दे, हॅश जुळला तर गोष्ट तीच.

मॅग्नेट लिंकमध्ये तर ते टिपणही नसतं, फक्त हॅश असतो आणि फार तर नाव-ट्रॅकर. म्हणजे क्लायंटला आधी माणसं शोधावी लागतात, त्यांच्याकडून टिपण मागून घ्यावं लागतं (ते १६ किलोबाइटच्या तुकड्यांत येतं), ते हॅशशी पडताळायचं आणि मग कुठे खरं डाउनलोड चालू. 'मेटाडेटा मिळवतोय' असं लिहून जे थांबतं ना, ते हेच. फाइल सापडत नाहीये असा त्याचा अर्थ नाही, अजून बोलायलाच कोणी भेटलं नाहीये.

हॅशमुळे वाटेत कोणी तुकडा बिघडवला तर लगेच पकडला जातो, टाकून देऊन दुसरीकडून आणला जातो. पण मूळ फाइलमध्येच काहीतरी वाईट घुसवलेलं असेल तर हॅश बिचारा तेही इमानदारीने जुळवून देणार. त्यामुळे हॅश कोणाकडून घेतला याला महत्त्व आहे, ज्यांनी फाइल बनवली त्यांच्याच साइटवरून घ्या.

पायरी ३: माणसं शोधणं

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण सगळी गंमत इथेच आहे. क्लायंटला दुसऱ्यांचे पत्ते मिळायचे चार रस्ते असतात आणि चारही एकदम चालू असतात.

पहिला ट्रॅकर. जुना आणि साधा. क्लायंट ट्रॅकरला सांगतो की माझ्याकडे हा हॅश, मी या पोर्टवर (मशीनच्या या नंबरच्या दारावर) ऐकतोय, अजून एवढं बाकी आहे. ट्रॅकर त्याला घोळक्यातल्या काही जणांचे पत्ते देतो, क्लायंटने आकडा सांगितला नाही तर साधारण ५०. एक पत्ता म्हणजे ४ बाइट आयपी आणि २ बाइट पोर्ट, म्हणजे ५० जणांची यादी ३०० बाइटमध्ये बसते, एवढ्या जागेत मराठीतलं जेमतेम एक मोठं वाक्य मावेल. ट्रॅकरकडे फाइल नसते, तुकडाही नसतो, तो फक्त गाठ घालून देतो. पण ट्रॅकर बंद पडला की नव्या माणसाला तो रस्ता बंद, म्हणजे नॅप्स्टरचीच अडचण थोड्या छोट्या प्रमाणात.

म्हणून दुसरा रस्ता, डीएचटी, म्हणजे डिस्ट्रिब्युटेड हॅश टेबल. विकेंद्रित नेटवर्क म्हणतात ते खऱ्या अर्थाने हे. पेटार मायमुन्कोव्ह आणि डेव्हिड माझिएर्स यांनी २००२ मध्ये कॅडेम्लिया नावाची रचना मांडली, त्यावर हे उभं आहे. कल्पना अशी की ट्रॅकरची वही फाडून तिची पानं सगळ्यांत वाटून टाकायची, आणि कुठलं पान कोणाकडे आहे हे गणितावरून कळेल अशी सोय करायची.

प्रत्येक मशीन स्वतःला १६० बिटांचा एक आकडा घेतं, हॅशही १६० बिटांचाच. ज्या मशीनचा आकडा हॅशच्या 'जवळ' त्याच्याकडे त्या हॅशचं पान. आता जवळ म्हणजे किलोमीटरमध्ये नाही, इथे अंतर एक्सऑरने मोजतात, दोन आकडे एकाखाली एक लिहायचे, बिट सारखे असतील तिथे ० आणि वेगळे असतील तिथे १. छोटे ४ बिटांचे आकडे घेऊन करून बघू. समजा मला १०११ हा हॅश शोधायचाय आणि मला फक्त ००१० हे मशीन माहीत आहे. दोघांचा एक्सऑर १००१, म्हणजे अंतर ९, बरंच लांब. मी त्याला विचारतो, तुझ्या ओळखीत १०११ च्या जवळचं कोण? तो म्हणतो १११० आहे. एक्सऑर ०१०१, अंतर ५. त्याला विचारलं तर तो १००० कडे पाठवतो, अंतर ००११ म्हणजे ३. तो सांगतो १०१० ला विचार, अंतर ०००१ म्हणजे १, आणि त्याच्याकडे पान सापडतं: या हॅशवर हे हे पत्ते काम करतायत. ९, ५, ३, १. अनोळखी गावात पत्ता विचारत जाताना पहिला माणूस फक्त दिशा दाखवतो, मग कोणी गल्ली दाखवतं आणि शेवटचा थेट दार दाखवतो, अगदी तसंच.

हे स्वस्त का पडतं ते बघा. प्रत्येक मशीन आपल्या जवळच्या आकड्यांची माहिती दाट ठेवतं आणि लांबच्यांची विरळ, एकेका पट्ट्यात, म्हणजे बकेटमध्ये, फक्त ८ जण. प्रत्येक विचारणीत अंतर साधारण निम्मं होत जातं, त्यामुळे १० लाख मशीनच्या नेटवर्कमध्येही २० च्या आसपास टप्पे पुरतात कारण २ चा २० वा घात १०,४८,५७६ येतो, प्रत्यक्षात बरेच कमी लागतात. वर ग्नुटेलाचा ४,३७२ चा आकडा आठवा आणि हा बघा. तिथे गावभर दवंडी पिटूनही फाइल सापडेल याची खात्री नव्हती, इथे दहा-वीस जणांना विचारून काम होतं.

मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे बकेट भरली असेल तर जुना माणूस काढून नवा घेत नाहीत. जुना उत्तर देतोय तोवर तोच राहतो. कारण ग्नुटेलाच्या लोकांच्या निरीक्षणातून दिसलं होतं की जो जितका जास्त वेळ चालू आहे तो पुढेही चालू राहण्याची शक्यता जास्त. १५ मिनिटं कोणाचा आवाज आला नाही तर त्याच्यावर शंका घेऊन पुन्हा हाक मारतात, नाहीच आली ओ तर जागा दुसऱ्याला.

आता तो पहिला प्रश्न, ते पहिलं ००१० मला माहीत कुठून झालं? इथे मान्य करावंच लागतं की अगदी पहिल्यांदा कोणीतरी हात धरून आत न्यावं लागतं. क्लायंटमध्ये दोन-चार ठरलेले पत्ते लिहूनच दिलेले असतात, राउटर डॉट बिटटोरंट डॉट कॉम हा त्यातला प्रसिद्ध. त्याला बूटस्ट्रॅप नोड म्हणतात. तो फाइलीबद्दल काही सांगत नाही, फक्त आणखी काही नोडची, म्हणजे डीएचटीतल्या मशीनची, ओळख करून देतो. एकदा शंभर-दोनशे ओळखी झाल्या की क्लायंट त्या डिस्कवर लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी त्यांच्याच जिवावर उभा राहतो, बूटस्ट्रॅप लागतच नाही. ईम्यूल हा फाइली वाटायचा जुना प्रोग्राम वापरलेल्यांना नोड्स डॉट डॅट नावाची फाइल आठवत असेल, तिचं कामही तेच. टोरंट फाइलमधून, ट्रॅकरमधून जे पीअर, म्हणजे घोळक्यातली बाकीची मशीन, मिळतात तेही आपला डीएचटी पोर्ट सांगतात, तो आणखी एक दरवाजा.

करायचं काय, तर सेटिंगमध्ये बिटटोरंटच्या भागात डीएचटी चालू आहे का बघा आणि मग खालच्या पट्टीत 'डीएचटी: अमुक नोड' असं येतं त्यावर नजर ठेवा. नवीन इन्स्टॉल असेल तर मिनिटाभरात आकडा शून्यावरून शेकड्यात जायला हवा. शून्यावरच राहिला तर बहुतेक वेळा यूडीपी (निरोप पाठवायची एक पद्धत, वेबसाइट बहुतेकदा टीसीपी ही दुसरी वापरतात) अडवलेलं असतं, कारण डीएचटी पूर्ण यूडीपीवर चालतो. एकदा एका कॅम्पसच्या नेटवर्कवर मी अर्धा दिवस मॅग्नेट लिंक घेऊन बसलो होतो, वेबसाइट सगळ्या उघडतायत पण मेटाडेटा काही येईना. लिंक खराब असेल म्हणून तीन वेगवेगळ्या लिंक बदलून झाल्या. शेवटी खाली बघितलं तर नोड शून्य. तिथे यूडीपी बाहेरच जाऊ देत नव्हते. मग मॅग्नेटऐवजी टोरंट फाइल घेतली, तिच्यात एचटीटीपीचा, म्हणजे वेबसाइटच्याच रस्त्याने बोलणारा, ट्रॅकर होता, दोन मिनिटांत काम चालू. तेव्हापासून मी आधी तो आकडा बघतो, मग बाकीचं.

तिसरा रस्ता पेक्स, म्हणजे पीअर एक्स्चेंज. एकदा दोन-चार जण जोडले गेले की ते अधूनमधून, मिनिटातून एकदाच, तुम्हाला सांगतात की माझ्याकडे हे नवे आले, हे गेले. नेटवर्क गजबजलेलं असेल तर बहुतेक पत्ते यातूनच येतात. पण पेक्सला पहिला माणूस लागतोच, शून्यातून तो काही करू शकत नाही.

चौथा लोकल पीअर डिस्कव्हरी, एकाच घरच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कवर दुसरं मशीन तीच फाइल घेत असेल तर ते हाकेसरशी सापडतं. दोन लॅपटॉप शेजारी ठेवून करून बघा, दुसऱ्यात फाइल इंटरनेटला हात न लावता घरच्या वायफायच्या वेगाने येते. मात्र गेस्ट वायफायवर हे बहुतेक वेळा चालत नाही, तिथे मशीनना सहसा एकमेकांशी बोलू देत नाहीत.

एक अपवाद: टोरंट 'प्रायव्हेट' असं बनवलेलं असेल तर क्लायंट डीएचटी, पेक्स आणि लोकल तिन्ही त्यासाठी बंद ठेवतो, फक्त ट्रॅकर. तेव्हा तिथे नोड शोधत बसू नका.

पायरी ४: पत्ता मिळाल्यावर दोघं बोलतात काय

यात तुम्हाला करायचं काही नाही, फक्त समजून घ्या. जोडणी झाली की पहिला निरोप ६८ बाइटचा असतो: १९ हा आकडा, मग 'बिटटोरंट प्रोटोकॉल' हे इंग्रजीतले १९ अक्षरांचे शब्द, ८ बाइट मला काय काय येतं ते सांगायला, २० बाइट इन्फो-हॅश आणि २० बाइट स्वतःची ओळख. हॅश जुळला नाही तर समोरचा तिथेच फोन ठेवतो. जुळला तर दोघं एकमेकांना आपल्याकडच्या तुकड्यांचा नकाशा देतात, प्रत्येक तुकड्याला एक बिट. ४ जीबीची फाइल १ एमबीच्या तुकड्यांत असेल तर ४,०९६ तुकडे, नकाशा अवघा ५१२ बाइटचा.

मग देवाणघेवाण. सगळ्यात दुर्मिळ तुकडा आधी मागतात, जो घोळक्यात कमी जणांकडे आहे तो, म्हणजे एखादा निघून गेला तरी तो तुकडा मरत नाही. आणि देताना मूळ रचनेत दर १० सेकंदांनी हिशोब होतो, मला जे चांगलं देतायत त्यांना मी देणार, बाकीचे थांबा. शिवाय दर ३० सेकंदांनी एका कोणाला तरी नशिबावर संधी, कारण नव्या माणसाकडे द्यायला काहीच नसतं आणि त्याला पहिला तुकडा कोणीतरी असाच द्यावा लागतो. ग्नुटेलावर २००० मध्ये एक अभ्यास झाला होता, त्यात दिसलं की जवळपास ७० टक्के लोक काहीच वाटत नव्हते आणि निम्मी उत्तरं वाटणाऱ्यांतल्या वरच्या १ टक्का मशीनकडून येत होती. देशील तर घेशील ही अट बिटटोरंटने गाभ्यातच घातली ती या पार्श्वभूमीवर.

पायरी ५: तुमचं दार उघडं आहे का

नवीन लोक सगळ्यात जास्त इथे अडतात, आणि अडलोय हे त्यांना कळतही नाही कारण डाउनलोड तर चालू असतं, नुसतं रडत रडत.

तुमचा राउटर हा सोसायटीच्या वॉचमनसारखा आहे. आतून तुम्ही कोणाला बोलावलं तर त्याला आत सोडतो, पण बाहेरून कोणी आपणहून आला तर कुठल्या घरी पाठवायचं हे माहीत नसल्यामुळे परत पाठवतो. तुम्ही बंद दाराआड आणि समोरचा मोकळा असेल तर तुम्ही त्याला फोन लावू शकता, जमतं. दोघंही बंद असाल तर कोणीच कोणाला लावू शकत नाही. घोळका मोठा असेल तर याने काही बिघडत नाही, मोकळे लोक भरपूर असतात. पण समजा जुन्या टोरंटला जगात एकच सीडर, म्हणजे पूर्ण फाइल जवळ असलेला, उरलाय, तो बंद आणि तुम्हीही बंद. क्यूबिटटोरंटमध्ये सीडच्या रकान्यात '० (१)' असं दिसेल. कंसातला आकडा म्हणजे घोळक्यात आहे असं कळलंय, बाहेरचा म्हणजे प्रत्यक्ष जोडला गेलाय. माणूस आहे, फाइल आहे, पण भेट नाही. फार वाईट वाटतं ते बघून.

उपाय क्रमाने करा. आधी सेटिंगमध्ये यूपीएनपी / नॅट-पीएमपी चालू करा, क्लायंट स्वतः राउटरला सांगतो की या पोर्टवर आलेल्याला माझ्याकडे पाठव. खूप घरांत एवढ्यानेच काम होतं. पण यूपीएनपी चालू असेल तर आतला कुठलाही प्रोग्राम असं दार उघडू शकतो, म्हणून काही जण राउटरवर ते बंदच ठेवतात आणि मलाही ते पटतं. तसं असेल तर हाताने करा: राउटरमध्ये तुमच्या मशीनला कायमचा एकच लोकल आयपी ठरवून द्या, क्लायंटमध्ये ४९१५२ ते ६५५३५ मधला एक पोर्ट निवडून तो दर वेळी बदलायचा पर्याय बंद करा, राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये तोच पोर्ट त्या आयपीकडे वळवा, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, आणि मशीनच्या फायरवॉलमध्येही क्लायंटला परवानगी द्या. ६८८१ हा जुना नेहमीचा पोर्ट टाळा, काही नेटवर्कवर तो मुद्दाम अडवतात किंवा मंद करतात. झालं की खालच्या पट्टीतली खूण पिवळ्याची हिरवी व्हायला हवी. लगेच नाही होत, बाहेरून कोणीतरी आपणहून यावं लागतं, त्यामुळे चार-पाच मिनिटं थांबा.

सगळं बरोबर करूनही पिवळीच राहिली तर सीजीनॅट बघा. आयपी पत्ते अपुरे पडतात म्हणून इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, म्हणजे तुमच्या वॉचमनच्या पुढे आणखी एक मोठं गेट, आणि त्याची चावी तुमच्याकडे नाही. ओळखायचं कसं, तर राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा आयपी आणि 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या साइटवरचा आयपी ताडून बघा. वेगळे आले, किंवा राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असला, तर पोर्ट फॉरवर्डिंगवर आणखी वेळ घालवू नका. कंपनीकडे सार्वजनिक आयपी मागता येतो. नाहीतर आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, मिळत असेल तर ते चालू करा, त्यात पत्त्यांची कमतरताच नसल्याने हा घोळ नाही, फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये पोर्ट मोकळा करावा लागतो. तिसरी सोय क्लायंट आपणहून करतात, दोन बंद मशीनना ओळखणारा एखादा तिसरा पीअर दोघांनाही एकाच वेळी सांगतो की आत्ता एकमेकांना हाक मारा, दोन्हीकडचे वॉचमन 'आतूनच बोलावणं आलंय' समजून सोडतात. याला होल पंचिंग म्हणतात. दर वेळी जमतंच असं नाही.

पायरी ६: पीअर टॅब वाचायला शिका

चालू टोरंटवर क्लिक करून पीअर टॅब उघडा. तिथे प्रत्येकासमोर फ्लॅगच्या रकान्यात इंग्रजी अक्षरं असतात, त्यावर माउस नेला की अर्थ दिसतो. एच असेल तर तो डीएचटीतून मिळाला, एक्स असेल तर पेक्समधून, एल असेल तर लोकल, आणि मोठा आय असेल तर तो बाहेरून आपणहून तुमच्याकडे आलाय. वर जे सगळं सांगितलं ते इथे चार अक्षरांत समोर दिसतं. आय एकालाही नसेल आणि अर्धा तास झाला असेल तर पायरी ५ ला परत जा. एच कुठेच नसेल तर डीएचटी. मी कोणाला मदत करताना पहिल्यांदा याच रकान्याचा फोटो मागतो.

तिथे आयपी पत्तेही दिसतायत ना, तसेच तुमचेही बाकीच्यांना दिसतायत. विकेंद्रित म्हणजे गुप्त, हा गैरसमज मात्र लवकर सोडून द्या. क्लायंटमधलं एन्क्रिप्शन वाटेतल्या उपकरणांना वाहतूक ओळखू येऊ नये एवढ्यापुरतं असतं, घोळक्यापासून तुम्हाला लपवत नाही. डीएचटीत तर कोणीही येऊन नुसतं बघत बसू शकतं.

अपलोडला मर्यादा घाला, तुमच्या अपलोड वेगाच्या ७०-८० टक्के. अपलोड पूर्ण भरलं तर डाउनलोडच्या पोचपावत्याच अडकतात आणि घरातलं सगळं इंटरनेट मंदावतं. पण शून्य करू नका, दर १० सेकंदांचा हिशोब आठवा, न देणाऱ्याला रांगेत मागेच ठेवतात.

आयपीएफएसकडे, म्हणजे मजकूर वाटायच्या अशाच दुसऱ्या एका विकेंद्रित नेटवर्ककडे, पुढे कधी वळलात तर ओळखीचं वाटेल. तिथेही पत्ता म्हणजे मजकुराचा हॅश, तिथेही कॅडेम्लियावर आधारलेला डीएचटी आणि सुरुवातीला बूटस्ट्रॅप नोड. मोठा फरक असा की बिटटोरंटमध्ये प्रत्येक टोरंटचा घोळका वेगळा असतो, तिथे सगळे एकाच मैदानात असतात.

पायरी ७: झाल्यावर लगेच जाऊ नका

डाउनलोड १०० टक्के झालं की बरेच जण ते टोरंट काढून टाकतात. सेटिंगमध्ये शेअर रेशोची मर्यादा असते, निदान १ ठेवा, म्हणजे घेतलं तेवढं दिलं. जुन्या, कमी लोकांच्या गोष्टी असतील तर मर्यादाच नको, मशीन चालू असेल तेव्हा चालू राहू दे.

एक जुना नकाशांचा संग्रह मी घेत होतो, मोकळेपणी वाटायला ठेवलेला. ९९.४ टक्क्यांवर थांबला. आम्ही अकरा जण होतो आणि अकराही जण नेमके तिथेच. अव्हेलेबिलिटीच्या रकान्यात ०.९९४, म्हणजे सगळ्यांचं मिळूनसुद्धा एक पूर्ण प्रत होत नव्हती, उरलेले तुकडे आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते. ट्रॅकर केव्हाच मेलेला, फक्त डीएचटी होता. जवळपास तीन आठवडे मी ते तसंच चालू ठेवलं, बाकीच्यांनीही ठेवलं, रोज बघायचो तर तेच अकरा. एका रात्री पीअर टॅबमध्ये बारावी ओळ आली, फ्लॅगमध्ये एच आणि पुढे १०० टक्के. कोणीतरी बऱ्याच दिवसांनी जुनं मशीन चालू केलं असणार आणि त्याच्या क्लायंटने नेहमीप्रमाणे डीएचटीत हजेरी लावली असणार. उरलेले तुकडे त्याने आमच्यातल्या तिघा-चौघांना वाटले, त्यांनी बाकीच्यांना दिले, आणि दहा-बारा मिनिटांत आम्ही अकराही जण पूर्ण झालो. तो सकाळी नव्हता. अव्हेलेबिलिटी ११ होती.